मॉनमथशायर नेमकी कुणाची? इंग्लंडची की वेल्सची?

1881 मध्ये ब्रिटिश संसदेने वेल्समधले पब रविवारी बंद ठेवण्याचा कायदा केला. रिम्नी नदीच्या पश्चिमेला, ग्लॅमॉर्गन काउंटीत, पबना कुलूप लागलं. पूर्वेकडच्या मॉनमथशायर काउंटीत मात्र पब सुरूच राहिले. मग काय, तहानलेल्यांनी पूल ओलांडायचा! कारण हा कायदा वेल्सपुरता होता आणि कायद्याच्या लेखी मॉनमथशायर वेल्समध्ये धरली जात नव्हती.

या गोंधळाचं मूळ आठव्या हेन्रीच्या काळात आहे. 1535 च्या कायद्याने वेल्स इंग्लंडला जोडताना सीमेवरच्या सरदारांच्या जहागिऱ्या मोडून ही काउंटी तयार केली. वेल्समधल्या इतर काउंटींना संसदेत प्रत्येकी एक प्रतिनिधी मिळाला, हिला इंग्लंडच्या काउंटींसारखे दोन. 1542 च्या सुमारास वेल्ससाठी स्वतंत्र न्यायालयं स्थापन झाली. त्यांच्या अखत्यारीत 12 काउंटी आल्या. तेरावी मॉनमथशायर थेट लंडनच्या न्यायालयांकडे गेली. खरं तर ही कोर्टकचेरीची सोय. पण तिच्या आधारे ही काउंटी इंग्लंडचीच, असं पुढे अनेकांनी धरून चालवलं. 1911 च्या ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’तही तिची नोंद इंग्लंडची काउंटी अशीच आहे.

गावांची नावं आणि पश्चिमेकडच्या कोळसा खाणींच्या खोऱ्यांमधलं जीवन मात्र बरंचसं वेल्श. त्यामुळे सरकारने मधला मार्ग काढला. कायद्यांमध्ये ‘वेल्स आणि मॉनमथशायर’ असा जोडशब्द येऊ लागला. म्हणजे उत्तर द्यायलाच नको! 1921 मध्ये रविवारची पबबंदी इथेही लागू झाली आणि नदीपलीकडची सोय संपली.

कायदेशीर वाद मिटला तो 1972 च्या स्थानिक शासन कायद्याने. 1 एप्रिल 1974 पासून हा भाग निःसंदिग्धपणे वेल्समध्ये आला. त्याच वेळी जुन्या काउंटीऐवजी ‘ग्वेंट’ ही नवी काउंटी आली. 1996 मध्ये मॉनमथशायर हे नाव परतलं, पण पूर्वेकडच्या भागापुरतंच.

लोकांच्या मनातलं उत्तर इतकं सरळ नव्हतं. 1997 मध्ये वेल्सला स्वतःची विधानसभा हवी का, यावर सार्वमत झालं. मॉनमथशायरमध्ये सुमारे 68 टक्के मतं विरोधात पडली. संपूर्ण वेल्समधला हा सर्वांत ठाम नकार होता. तरीही विधानसभेचा प्रस्ताव अवघ्या 6,721 मतांनी मंजूर झाला. 2007 च्या विधानसभा निवडणुकीत ‘इंग्लिश डेमोक्रॅट्स’ या पक्षाने मॉनमथशायर कोणत्या देशात असावी यावर सार्वमत घेण्याची मागणी करत उमेदवार उभे केले. त्यांना एकही जागा मिळाली नाही.