निबंध वाचून झाल्यावर

मराठी विभागांतून वर्षाअखेर विद्यार्थ्यांची प्रकल्प-सादरीकरणे होतात. प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटे मिळतात. विद्यार्थी कागदावरून वाचतो, परीक्षक एखाद-दुसरा प्रश्न विचारतात, गुण मांडले जातात आणि पुढचे नाव पुकारले जाते. परीक्षकाच्या खुर्चीत बसून आम्हीही हे अनेकदा केले आहे. अशा वेळी आम्हांला १८४९ सालची मुंबईतली एक सभा आठवते. तिथेही एका तरुणाने असाच एक निबंध वाचला होता.

एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८४८ साली ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली. प्राध्यापक पॅटन तिचे अध्यक्ष होते. एकाने निबंध वाचावा आणि इतरांनी त्यावर चर्चा करावी, अशी तिची रीत होती. इंग्रजी न जाणणाऱ्यांपर्यंत नवे ज्ञान पोचावे म्हणून तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. मराठी ज्ञानप्रसारक सभेचे पहिले अध्यक्ष दादोबा पांडुरंग हे होते. सभेतल्या निबंधांना पुढे १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ या मासिकात जागा मिळाली. मराठी निबंधाच्या आरंभकाळाविषयी शिकवताना आपण मासिकांची नावे सांगतो. पण यांतले कित्येक निबंध छापले जाण्याआधी समोर बसलेल्या माणसांना ऐकवले गेले होते, हे सांगायचे राहून जाते. ऐकणारा समोर असला की लिहिणाऱ्याला उत्तरादाखल काही ऐकूनही घ्यावे लागते.

१८४९ च्या त्या सभेत बेहरामजी खरशेदजी गांधी यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. तो ऐकून पॅटन यांनी तरुणांना आवाहन केले, की नुसते लिहून-बोलून थांबू नका, स्वतः काही करून दाखवा. आजच्या भाषेत, परीक्षकाने विचारलेला हा एकच प्रश्न. त्याला उत्तर म्हणून सभासदांनी शिकवण्यासाठी आपली नावे दिली. तेव्हा एल्फिन्स्टनमध्ये शिकवत असलेले तरुण दादाभाई नौरोजी त्यांत होते. ही मंडळी घरोघर मुली मागत हिंडली. कुणी आपली ओसरी वर्गासाठी दिली, तर कुणी जिन्यावरून ढकलून देण्याची धमकी दिली, असे दादाभाईंनी पुढे आठवणींत नमूद केले आहे. तरीही त्याच वर्षी शाळा सुरू झाल्या. आरंभी ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली आल्या. शिक्षक हेच तरुण. सकाळच्या वेळी, विनावेतन.

मात्र या कथेत एक उणीव आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. ज्यांच्या शिक्षणाची चर्चा चालली होती, त्यांच्यापैकी कुणीही त्या सभेत बोलायला नव्हते. निबंध पुरुषाचा, श्रोते पुरुष, आवाहन पुरुषाचे आणि प्रतिसादही पुरुषांचाच.

ही उणीव भरून काढणारा निबंध सहा वर्षांनी पुण्यात लिहिला गेला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मातंग मुलीने ‘मांगमहारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध लिहिला आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. तिला विषय शोधावा लागला नाही. वेदांवर इतरांचाच अधिकार असेल तर आपला धर्म कोणता, असे ती ईश्वरालाच विचारते. बाळंत होणाऱ्या बायांच्या डोक्यावर छप्परही नसते, हे सांगते आणि शेवटी आपल्या लोकांना शिकण्याची विनवणी करते. मुंबईत प्रश्न श्रोत्याने वक्त्याला विचारला होता. इथे एक विद्यार्थिनी श्रोत्यांनाच प्रश्न विचारते.

या दोन निबंधांवरून विद्यार्थ्याच्या छोट्याशा भाषणाची तयारी कशी करावी, हे आम्हांला थोडेसे कळते. शुद्धलेखन, संदर्भ, वेळेचे भान हे सारे हवेच. पण विषयाशी आपला संबंध काय आणि निबंध वाचून झाल्यावर आपण काय करणार, या दोन प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्याने आधी स्वतःला द्यावीत. आम्हा परीक्षकांचे कामही सोपे नाही. पुढचे नाव पुकारण्यापूर्वी हे प्रश्न त्याला विचारायला हवेत आणि मुक्ताबाईसारखी कुणी समोर उभी राहिली, तर उत्तर देण्याची पाळी आपली आहे, हे ओळखायला हवे.