एम्प्रेस मिल आणि हिंगण्याची वसाहत

नागपुराहून हिंगण्याच्या वाटेनें निघालें म्हणजे कारखान्यांच्या रांगा लागतात. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें; त्याच्याच वसाहतींपैकीं ही एक. येथें महिंद्रा कंपनीचे ट्रॅक्टर तयार होतात, आणि भोंवतालीं कितीतरी लहानमोठ्या यंत्रशाळा आहेत. नवें यंत्र आलें, कामाची रीत पालटली, तर जुन्या कारखान्यानें काय करावें, हा प्रश्न आज अशा प्रत्येक वसाहतीपुढें आहे. परंतु तो नवा नव्हे. येथून कांहीं मैलांवर, खुद्द नागपूर शहरांत, तो एका गिरणीला सुमारें दीडशें वर्षांपूर्वीं पडला होता. तिनें दिलेलें उत्तर आणि तिचा शेवट, दोन्ही विचार करण्याजोगीं आहेत.

१८७४ सालीं जमशेटजी टाटा यांनीं पंधरा लक्ष रुपये भांडवलाची एक कंपनी काढली आणि जुम्मा तलावानजीकची दलदलीची जागा भरून काढण्यास आरंभ केला. कापडाच्या गिरण्या त्या काळीं मुंबईंत निघत. परंतु नागपुरास कापूस दाराशीं होता, रेल्वे १८६७ सालींच येऊन पोंचली होती, आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ होता. हा गृहस्थ खड्ड्यांत सोनें ओतीत आहे, असें म्हणून एका सावकारानें भाग घेण्याचें नाकारलें. पुढें त्यानेंच, त्या खड्ड्यांत माती घालून सोनें काढलें, अशी कबुली दिली, ही कथा प्रसिद्ध आहे. १ जानेवारी १८७७ रोजीं, व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलें त्याच दिवशीं, ही गिरणी सुरू झाली. एम्प्रेस हें नांव त्यावरूनच पडलें. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेच्या नोकरींतून आलेले. सुताच्या धंद्याची परंपरा त्यांच्यामागें नव्हती. कदाचित् म्हणूनच जुन्या रीतीचा अभिमानही नव्हता.

त्या वेळीं उत्तम सूत म्यूल यंत्रावर निघतें अशी इंग्लंडांत दृढ समजूत होती. म्यूल यंत्राचा गाडा बाहेर सरतो तेव्हां सूत ताणलें व पिळलें जातें, आणि तो परत येतो तेव्हां तें गुंडाळलें जातें. म्हणजे पिळणें आणि गुंडाळणें हीं कामें आळीपाळीनें चालतात. अमेरिकेंत निघालेल्या रिंग यंत्रांत हीं दोन्ही कामें एकदम व अखंड चालतात. १८८३ च्या सुमारास जमशेटजींनीं नागपुरास रिंग यंत्रें आणवून त्यांची परीक्षा घेतली. आपल्याकडील आंखूड तंतूच्या कापसाचें जाडें सूत काढण्यास तीं उत्तम ठरलीं. लँकेशायरच्या गिरण्या मात्र पुढें कित्येक दशकें म्यूलास चिकटून राहिल्या. त्यांचें सूत बारीक आणि कामकरी कसलेले, हें खरें. पण ज्या कौशल्यानें त्यांस वैभव दिलें त्यानेंच त्यांचे पाय बांधले, हेंही तितकेंच खरें.

यंत्र बदलणें सोपें, माणसांचें काय? गिरणी उघडली त्याच वर्षीं मजुरीच्या दरावरून येथें संप झाला, आणि हिंदुस्थानांतील पहिल्या संपांत त्याची गणना होते. शेतीची सवय असलेला मजूर वाटेल तेव्हां गैरहजर राही. चालकांनीं केवळ दंडावर भिस्त ठेविली नाहीं. नियमित येणारांस बक्षिसें दिलीं. हवेंत ओलावा राखणारीं आणि आग विझविणारीं यंत्रें बसविलीं. १८८६ सालीं पेन्शनचा फंड काढला. १८९५ पासून अपघाताची भरपाई देऊं लागले. आणि १९०१ सालीं भविष्यनिर्वाह निधि सुरू केला. अपघाताच्या भरपाईचा कायदा या देशांत १९२३ सालीं आणि भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ सालीं झाला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या पावलांचें मोल कळतें. यास कोणी परोपकार म्हणेल, कोणी हिशेब. आमच्या मतें तो दूरदृष्टीचा हिशेब होता: ओलाव्यानें सूत तुटत नाहीं, आणि म्हातारपणाच्या आश्वासनानें माणूस तुटत नाहीं.

एकीच्या पांच गिरण्या झाल्या. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत देशांतील बहुतेक जुन्या गिरण्यांप्रमाणें हीही खंगत गेली. यंत्रें जुनीं झालीं. कृत्रिम धागा आला. यंत्रमागांचें स्वस्त कापड बाजारांत आलें. १९८६ सालीं टाटांनीं ती बंद केली. सरकारी महामंडळानें चालविण्याचा यत्न केला, तोही २००२ सालीं संपला. हजारों घरांची भाकर ज्या जागेवर भाजली गेली तेथें आज दुकानांची भव्य इमारत आहे.

पूर्वजांनीं एकदां धाडसानें यंत्र बदललें, एवढ्या पुण्याईवर नातवांचा कारखाना चालत नाहीं, असा आम्ही याचा अर्थ घेतों. नवेपणा हा वारसा नव्हे. तो ज्या त्या पिढीनें स्वतः कमवावा लागतो. आणि यंत्र व माणूस यांचा विचार ज्यांनीं वेगळा केला, त्यांचा हिशेब अर्धाच राहिला. आज त्यांत तिसरी बाब मिळाली आहे, ती पाण्याची व हवेची. वेणेच्या कांठच्या हिंगण्यास तिचा विसर पडून चालणार नाहीं. उद्यां तेथें हातांचें काम यंत्राकडे आणि यंत्राचें संगणकाकडे जाईल. त्या वेळीं नव्या यंत्राची किंमत मांडतांना, जुन्या यंत्रावरील माणूस कोठें जाणार आणि कारखान्याचें सांडपाणी कोठें जाणार, हे दोन आंकडेही त्याच वहींत लिहिले पाहिजेत.