छापील कोडाचा समास

चाकूर हे लातूर-नांदेड रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. या भागातली संगणकशास्त्राची मुलं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परीक्षा देतात, आणि प्रॅक्टिकल जवळ आलं की जर्नल पूर्ण करायची घाई उडते. प्रोग्रॅम हाताने उतरवायचा नाहीतर प्रिंट काढून चिकटवायचा, खाली आउटपुट, मग सरांची सही. झेरॉक्सच्या दुकानात वर्ड किंवा नोटपॅडमधून छापलेल्या कोडाची लांब ओळ कडेला मोडते, उरलेला तुकडा खाली डाव्या टोकाला येऊन पडतो, आणि कुठला कंस कुठे मिटला ते कळेनासं होतं. प्रोग्रॅम चालतो, पण कागद वाचता येत नाही.

या अडचणीवर पन्नास वर्षांपूर्वीच उपाय शोधायला सुरुवात झाली होती. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये युनिक्स तयार झालं आणि नोव्हेंबर १९७१मध्ये त्याची पहिली माहितीपुस्तिका निघाली. तिच्यात ‘पीआर’ नावाची आज्ञा होती. काम साधं: फाइलची पानं पाडायची आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर तारीख, फाइलचं नाव, पान क्रमांक घालायचा. पान ६६ ओळींचं, कारण कागद ११ इंच उंच आणि एका इंचात ६ ओळी. त्या काळी बहुतेकांसमोर पडदा नव्हताच. टेलिटाइपच्या कागदावर टंकायचं, छापील गठ्ठा घरी न्यायचा आणि पेन्सिलीने चुका शोधायच्या.

वाचण्यासाठी कोड कसा मांडावा, याचा सर्वांत देखणा नमुना ऑस्ट्रेलियातल्या प्राध्यापक जॉन लायन्स यांनी घालून दिला. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा, सुमारे ९,००० ओळी, १९७६-७७मध्ये पुस्तकरूपाने छापला आणि सोबत त्याच्यावर भाष्य लिहिलं. एका पानावर दोन स्तंभ, प्रत्येक स्तंभात ५० ओळी आणि प्रत्येक ओळीला चार आकडी क्रमांक. त्यातले पहिले दोन आकडे म्हणजेच पानाचा क्रमांक. त्यामुळे भाष्यात ओळीचा नुसता आकडा आला तरी हात नेमक्या पानावर जाई. ग्रंथ एका बाजूला, टीका दुसऱ्या बाजूला, ही रीत मराठी वाचकाला परकी वाटू नये. त्या पुस्तकाच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स वर्षानुवर्षं हातोहात फिरल्या. रीतसर प्रकाशन व्हायला १९९६ उजाडलं.

बर्कलीच्या युनिक्समध्ये आलेलं ‘व्हीग्राइंड’ आणखी पुढे गेलं. भाषेचे राखीव शब्द ठळक, टिपा तिरक्या अक्षरांत आणि प्रत्येक फंक्शनचं नाव थेट समासात. इथे हस्तलिखित पोथ्यांची आठवण होतेच. पोथी उतरवणारा लेखकूही समासात ग्रंथाचं नाव संक्षेपाने लिही, पत्रांक घाली. चुकलेल्या अक्षरावर तो पिवळी हरताळ फासत असे. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तिथूनच आलेला. समास म्हणजे उरलेली कोरी जागा नव्हे, ती वाचणाऱ्याची वाट आहे, हे लेखकूला ठाऊक होतं आणि व्हीग्राइंड लिहिणाऱ्यांनाही उमगलं होतं.

१९८४मध्ये अडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची भाषा आली, पुढच्या वर्षी ॲपलचा लेझर प्रिंटर. मग ‘ए-टू-पीएस’ आणि ‘एन्स्क्रिप्ट’ या आज्ञा रुळल्या. ए-टू-पीएस आडव्या कागदावर शेजारी शेजारी दोन पानं बसवतं, भोवती चौकट आखतं, वर फाइलचं नाव लिहितं. एका ओळीची आज्ञा दिली की निम्म्या कागदात स्वच्छ कोड हाती येतो.

पण त्या कोडात मराठी टीप असली तर?

देवनागरी संगणकावर आणायचं काम आयआयटी कानपूरमध्ये चालू होतं तेव्हा, १९८०च्या दशकाच्या मध्यात, केंद्रात इलेक्ट्रॉनिक्सचे राज्यमंत्री चाकूरचेच शिवराज पाटील होते. मोहन तांबे यांचं ते काम पुढे १९८८मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये ‘गिस्ट’ नावाने वाढलं. संगणकात गिस्ट कार्ड बसवलं की डॉसच्या पडद्यावर मराठी उमटे. त्यामागच्या इस्की संकेतात प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला एकेक बाइट. ‘चाकूर’ पाच बाइटांत मावे.

युनिकोडने अक्षरांचा क्रम इस्कीकडूनच घेतला, पण त्याच्या यूटीएफ-८ या रूपात प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांचं झालं. चाकूर आता पंधरा बाइटांचं. ए-टू-पीएस हे युरोपीय लॅटिन संकेतावर वाढलेलं. ते या पंधरा बाइटांना पंधरा स्वतंत्र अक्षरं समजतं. त्या संकेतात पाहिलं तर कान्याचा शेवटचा बाइट ‘पाऊण’चा अपूर्णांक ठरतो, दीर्घ ऊकाराचा मधला जपानी येनचं चिन्ह ठरतो, ‘र’चा शेवटचा तापमानाच्या अंशाचं वर्तुळ. ओळीची लांबीही तिप्पट धरली जाते, म्हणजे ती नको तिथे मोडते. २००७च्या अखेरीस निघालेल्या ४.१४ आवृत्तीनंतर पुढची यायला २०२३ उजाडलं. मधल्या पंधरा वर्षांत मराठी मजकूर यूटीएफ-८वर स्थिरावला होता.

मराठी छपाईसाठी वेगळ्या आज्ञा मात्र आधीच निघाल्या होत्या. फ्रान्स वेल्थुइस यांचं ‘देवनाग’ आणि अविनाश चोपडे यांचं ‘आयट्रान्स’ रोमन लिपीत टंकलेला मजकूर घेत आणि कागदावर देवनागरी उतरवत. अक्षरं लिहिली त्या क्रमाने छापायची नसतात, ही खरी गोम. ‘कि’मधली वेलांटी साठवताना ‘क’च्या नंतर, छापताना आधी. शिवाय ‘क्ष्म’ला जागा किती द्यायची? एकसारख्या रुंदीच्या टाइपावर बेतलेल्या साधनांकडे याचं उत्तर नव्हतं.

उत्तर आलं ते ‘पॅप्स’ या छोट्या आज्ञेतून. डोव्ह ग्रोबगेल्ड यांनी ती लिहिताना अक्षरजुळणीचं सगळं काम ‘पँगो’ या तयार लायब्ररीवर सोपवलं. पँगो आधी जोडाक्षर जुळवतं, मग त्याची रुंदी मोजतं. पॅप्सला ‘चाकूर’ दिलं की ऊकार ‘क’च्या पायाशी बसतो, काना ‘च’ला खेटून उभा राहतो, आणि कोडातली मराठी टीप तिच्या ओळीवर, तिच्या जागी छापून येते.