तेलाची विहीर आणि हिशेबाची वही

खनिज तेल कधी संपणार, असे लोक विचारतात तेव्हा त्या प्रश्नात एक गफलत असते. तेल एके दिवशी संपत नाही. उपसा वाढत जातो, शिखर गाठतो आणि मग उतरणीला लागतो. ज्या जगाचा गाडा दरसाल अधिक तेल मागतो, त्याची अडचण उतरणीबरोबरच सुरू होते. म्हणून वाद शेवटच्या थेंबाचा नसून शिखराचा आहे.

या वादाला तोंड फुटले ते मार्च १९५६ मध्ये. शेल कंपनीच्या नोकरीत असलेले भूशास्त्रज्ञ एम. किंग हबर्ट यांनी टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे तेल-व्यावसायिकांच्याच सभेत सांगितले की, अमेरिकेचे उत्पादन १९६५ ते १९७० च्या सुमारास शिखर गाठील. पुष्कळांनी ते हसण्यावारी नेले. १९७० साली तेथील उत्पादन दिवसाला सुमारे ९६ लाख पिंपांवर पोहोचले आणि उतरू लागले. १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी पुरवठा रोखला, तेव्हा तूट भरून काढण्याजोगे राखीव उत्पादन अमेरिकेजवळ उरले नव्हते. काही महिन्यांत भाव चौपट झाला.

मग जगाचे शिखर २००० च्या सुमारास येईल, हे हबर्ट यांचेच भाकीत का फसले? एक कारण असे की, भाव चढले की कालपर्यंत न परवडणारे तेलही काढणे परवडते. शेल खडक फोडून काढलेल्या तेलाच्या बळावर अमेरिकेने २०१८ साली आपला १९७० चा उच्चांक मागे टाकला. मात्र या विहिरी पहिल्या दोन-तीन वर्षांतच झपाट्याने उतरतात, म्हणून सतत नव्या खोदाव्या लागतात.

दुसरे कारण आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. अमेरिकेतील उत्पादनाचे जुने आकडे उघड होते. जगाची वही मात्र विकणाऱ्यांच्या कपाटात होती. ओपेक संघटनेत कोणी किती तेल काढावे, हे ठरविताना साठ्याच्या आकड्याला वजन येऊ लागले. १९८५ मध्ये कुवेतने आपला साठा एकदम सुमारे दीडपट दाखविला, आणि पुढे काही वर्षांत इतर सभासद राष्ट्रांनीही तेच केले. जमिनीत तेवढे नवे तेल सापडले होते, असे नाही. २००४ साली खुद्द शेल कंपनीला आपला सिद्ध साठा सुमारे एक-पंचमांश फुगविलेला होता, अशी कबुली द्यावी लागली.

कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या आम्हांला हा प्रकार परका नाही. बोनसची मागणी पुढे आली की ताळेबंदात तोटा दिसतो, आणि भागभांडवल विकावयाचे असले की त्याच कारखान्याची भरभराट दिसू लागते. ताळेबंद वाचावयास शिकल्यावाचून वाटाघाटीस बसू नये, हे आम्ही सभासदांना सांगत आलो.

आपला देश आपल्या गरजेच्या चार-पंचमांशाहून अधिक खनिज तेल बाहेरून विकत घेतो. भाव चढला की बसभाडे वाढते, भाजी महागते, आणि पगार मात्र तेथेच राहतो. म्हणून शिखर कोणत्या साली येणार, या पैजेत सामान्य माणसाने पडू नये. साठ्याची मोजणी त्रयस्थांकडून व्हावी आणि ती सर्वांस पाहावयास मिळावी, ही मागणी मात्र त्याने धरून ठेवावी.