मुलामा, निकेल-क्रोम

मुलामा, निकेल-क्रोम : पोलाद, पितळ, जस्ताची मिश्रधातू किंवा एबीएस प्लॅस्टिकच्या वस्तूंवर शोभेसाठी व गंजरोधासाठी विद्युत् विलेपनाने चढवलेला बहुस्तरी थर. नळाच्या तोट्या, दुचाकींची हँडले, मोटारींच्या जाळ्या ही नेहमीची उदाहरणे.

चकाकीचे श्रेय ग्राहक क्रोमला देतो. ते खरे पाहता खालच्या निकेलचे व त्याआधीच्या बफिंगचे. क्रोमचा थर सहसा पाव ते अर्धा मायक्रॉन, निकेलचा 10 ते 30. बफिंगमध्ये राहिलेला ओरखडा क्रोम झाकत नाही, उठवून दाखवते. निळसर झाक देणे आणि निकेलला पिवळट पडू न देणे, एवढेच त्याचे काम; तेवढ्यावर नाव मात्र त्याचेच झाले.

निकेलच्या बाथमध्ये निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड व बोरिक आम्ल असते (वॉट्स, 1916). उजळपणासाठी सॅकरिनसारखी द्रव्ये घालतात. त्यांतले गंधक थरात उतरते आणि असे निकेल लवकर गंजते. या दोषाचाच उपयोग दुहेरी निकेलमध्ये केला आहे : खाली गंधकरहित अर्धचकचकीत थर, वर चकचकीत. छिद्र पडले तरी गंज वरच्या थरात आडवा पसरतो, मूळ धातूपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. उन्हापावसातल्या भागांना एकेरी निकेल देणे ही काटकसर नव्हे, फसवणूक होय.

क्रोमच्या बाथमध्ये क्रोमिक आम्ल व गंधकाम्ल यांचे वजनी प्रमाण सुमारे 100:1 ठेवतात. धनाग्र शिशाच्या मिश्रधातूचे असते. क्रोम द्रावणातूनच येते. खोबणीत ते नीट चढत नाही, कडांवर जळते.

तपासणी : ठरावीक प्रकाशात, मान्य नमुन्याशी ताडून, डोळ्यांनी. दोष : बारीक खड्डे, फोड, ढगाळपणा, कडांवरचा करडेपणा. गंजरोधासाठी ‘कॅस’ चाचणी : तांब्याचे क्लोराइड व ॲसिटिक आम्ल मिसळलेल्या मिठाच्या पाण्याचा फवारा, सुमारे 50° से. तापमानात.

इतिहास : क्रोमियमचा शोध व्होकलँ यांनी 1797 मध्ये लावला, व्यापारी विलेपन 1920 नंतरच्या दशकातले.

क्रोमिक आम्लातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. त्रिसंयुजी बाथ हा त्याचा पर्याय. त्याची झाक किंचित गडद दिसते असा आक्षेप आहे, मात्र ती द्रावणागणिक बदलते. षट्संयुजी बाथचे सांडपाणी थेट सोडता येत नाही. आधी आम्लधर्मी द्रावणात सोडियम मेटाबायसल्फाइटने क्रोमियम त्रिसंयुजी करतात, मग चुन्याने त्याचा साका बसवतात.