दिव्यामागची शिष्यपरंपरा

हातांत दिवा घेऊन रात्रीं रुग्णांमधून फिरणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु लष्करी शुश्रूषेच्या इतिहासांत त्या दिव्याहून अधिक मोलाची ठरली ती तिनें मागें ठेवलेली शिष्यपरंपरा.

नोव्हेंबर १८५४ मध्यें अडतीस परिचारिकांसह ती तुर्कस्तानांतील स्कुटारी येथें पोंचली. अन्नवस्त्रांची व्यवस्था तिनें लावली. तरीही फेब्रुवारी १८५५ मध्यें रुग्णालयांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ४२ वर गेलें. इमारतीखालचीं गटारें तुंबलीं होतीं, हवा कोंडली होती. मार्चमध्यें आलेल्या आरोग्यमंडळानें गटारें साफ करविलीं, हवा खेळती केली. जूनमध्यें तेंच प्रमाण शेंकडा दोनांच्या आसपास उतरलें. युद्धानंतर हे आंकडे तपासतांना तिला कळून चुकलें, कीं केवळ मायेनें सैनिक वांचत नाहीं. रोगाचें मूळ ओळखून तें दूर करविणारी परिचारिका हवी.

अशा परिचारिका घडाव्यात कशा? १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत तिच्या नांवाची शाळा निघाली. तेथें वॉर्डांतील अनुभवी सिस्टर नवशिक्या मुलींना हाताशीं धरून शिकवी, आणि मेट्रन मिसेस वार्डरोपर प्रत्येकीच्या वर्तनाची व कामाची नोंद ठेवी. नाइटिंगेल स्वतः प्रकृतीमुळें बहुधा घरींच असे. परंतु १८७२ पासून विद्यार्थिनींना ती पत्ररूपानें उपदेश करूं लागली.

या शिकवणीची कसोटी लष्करांतच लागली. १८६९ सालीं जेन डीबल ही लष्करी डॉक्टराची विधवा तेथें शिकून नेटलेच्या सैनिकी रुग्णालयाची प्रमुख परिचारिका झाली, व १८७९ सालीं झुलू युद्धासाठीं आफ्रिकेंत गेली. सैन्यांत परिचारिका थोड्या आणि रुग्णसेवेचें बरेंचसें काम शिपायांकडे. त्यामुळें हुद्दा नसतांना गणवेषधारी पुरुषांकडून काम करवून घेणें, त्यांना शिकविणें, हें तिचें खरें नेतृत्व होतें.

मार्च १८८८ मध्यें अशाच दहा परिचारिका मुंबई बंदरीं उतरल्या. कॅथरिन ग्रेस लॉक हिनें रावळपिंडीस कामाचा पाया घातला. ही सेवा प्रथम गोऱ्या सैनिकांपुरतीच होती व तींत भारतीय स्त्रियांना स्थान नव्हतें. तें पुढें क्रमानें मिळालें. १९२६ सालीं भारतीय लष्करी परिचर्या सेवा स्थापन झाली. १९४३ सालीं परिचारिकांना अधिकाऱ्याचा दर्जा लाभला. १९६४ सालीं पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयांत परिचर्या महाविद्यालय निघालें. आणि १९७६ सालीं गर्ट्रूड ॲलिस राम या मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यांत हें पद मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत.

हुद्दा उशिरा आला, शिकवण आधीं आली. हुद्दा नव्हता त्या काळांत एकीनें दुसरीला जें शिकविलें, त्यावरच पुढें हा अधिकार उभा राहिला.