#थ्रेड : एक मंदिर, एक छावणी, एक उपनगर आणि पाहणारे अनेक डोळे

१/ मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन स्थानके अवघ्या दहा किलोमीटरांत येतात. कल्याण ते खोपोली हा लोहमार्ग १८५६ साली सुरू झाला. या छोट्या पट्ट्यात अकराव्या शतकातील शिवालय, फाळणीच्या निर्वासितांचे शहर आणि झपाट्याने वाढणारे उपनगर शेजारी नांदतात. ‘संस्कृती’ व ‘समाज’ या शब्दांचा अर्थ प्रत्येक ज्ञानशाखेत कसा पालटतो, हे येथे जवळून पाहता येते.

२/ प्रथम शब्दाविषयी. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी १८७१ साली ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी हे सारे ‘कल्चर’ या एका शब्दात सामावले. ‘संस्कृती’ हा त्याचा प्रतिशब्द मराठीत बंगालीच्या आधी रुळला होता. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांनी तो १९२२ साली पॅरिसमध्ये एका महाराष्ट्रीय मित्राकडून ऐकला. पुढे रवींद्रनाथांनीही तो पसंत केला.

३/ आता अंबरनाथ. १८६८ साली मुंबई सरकारने या मंदिराचे मोजमाप, रेखाचित्रे आणि शिल्पांचे साचे करण्याचे काम हाती घेतले. त्याचे वर्णन १८७४ साली जेम्स बर्जेस यांच्या ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापले गेले. वसाहतकालीन पुरातत्त्वाची नजर ही अशी : भिंतीची लांबी, खांबांची घडण, झीज किती आणि पडझड कुठे. पूजा करणारा माणूस त्या रेखाचित्रांत फारसा दिसत नाही.

४/ पुराभिलेखज्ञ मात्र थेट उत्तरेकडील दारावरच्या अक्षरांकडे वळला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तेथील शिलालेखाचा शक ७८२ असा वाचला. म्हणजे इसवी सन ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो शक ९८२, म्हणजे १०६० असा दुरुस्त केला. वाद एका अंकाचा, सातचा की नऊचा, इतकाच. परंतु त्याने मंदिर दोनशे वर्षे पुढे सरकले.

५/ एवढ्याशा दुरुस्तीचे महत्त्व काय? पहिले वाचन खरे मानले असते, तर लेखातला राजा माम्वाणी, म्हणजेच मुम्मुणी, नवव्या शतकात ढकलला गेला असता आणि उत्तर कोकणच्या शिलाहारांची वंशावळच कोलमडली असती. भाऊ दाजींसारख्या थोर विद्वानाची चूक दुसऱ्या विद्वानाने लेख पुन्हा वाचून दाखवून दिली, ही त्या काळच्या मुंबईतील ज्ञानव्यवहाराची एक उजळ बाजू म्हटली पाहिजे.

६/ कलेतिहासकाराला तारीख हवीच असते. पण त्याचा प्रश्न निराळा. अंबरनाथचे शिखर ‘भूमिज’ शैलीचे आहे : चार बाजूंना उभे पट्टे आणि त्यांच्यामध्ये लहान लहान शिखरांच्या चढत्या रांगा. ही शैली माळव्यात आणि महाराष्ट्रात बहरली. सिन्नरचा गोंदेश्वर तिचाच. माळव्यातील उदयपूरचे प्रसिद्ध उदयेश्वर मंदिर १०८० साली पूर्ण झाले. म्हणजे अंबरनाथ त्याच्याही वीस वर्षे आधीचे, भूमिज शैलीच्या सर्वांत जुन्या तारीखबद्ध मंदिरांपैकी एक.

७/ येथे राजकीय इतिहास शेजारी ठेवला की गंमत होते. माळव्याच्या परमार भोजाने १०२०च्या सुमारास कोकणविजयाच्या निमित्ताने दिलेल्या दानांचे ताम्रपट उपलब्ध आहेत. पुढच्या चाळीस वर्षांत त्याच कोकणात माळव्याशी नाते सांगणारे शिखर उभे राहते. युद्धाचा इतिहास लिहिणारा या दोन प्रदेशांना शत्रू म्हणेल; शिखराच्या रेषा वाचणारा त्यांना एकाच घडणीच्या परंपरेत बसवील. दोघांचीही साधने अस्सल आहेत. सैन्ये ज्या वाटांनी गेली, त्याच वाटांनी कारागीर, ग्रंथ आणि मोजमापाची सूत्रेही गेली असतील, हे अनुमान मात्र दोन्ही शाखा एकत्र वाचल्यावरच सुचते.

८/ शिलालेखात राजा आहे, अधिकारी आहेत. दगड वाहणारे नाहीत. सामाजिक इतिहासकाराचे काम या मौनापासून सुरू होते : पाथरवटांना धान्य कोणी पुरवले, जमीन कोणाची होती, महसूल कोणत्या गावांतून आला?

९/ लोकपरंपरा म्हणते, मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले, पहाट झाली म्हणून शिखर अपुरे राहिले. इतिहासकार ही कथा बाजूला ठेवतो, आणि तारखेपुरते त्याचे बरोबरच आहे. लोकसाहित्याचा अभ्यासक मात्र तिला उत्तर मानतो. राजवंशाचे नाव विसरल्यावर, भग्न शिखराखाली राहणाऱ्या लोकांनी ‘हे अपुरे का?’ या प्रश्नाला दिलेले उत्तर. चूक तेव्हाच होते, जेव्हा कथेला शिलालेखाच्या जागी बसवले जाते, किंवा शिलालेख सापडला म्हणून कथा फेकून दिली जाते.

१०/ मानववंशशास्त्र आणखी एक गोष्ट सांगते : तेथे जाऊन राहा. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात पंढरीच्या वारीचे वर्णन केले ते स्वतः दिंडीत चालून. म्हणूनच एकाच भजनात रंगलेल्या माणसांच्या जेवणाच्या पंगती जातीनुसार वेगळ्या पडतात, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. अभंगांच्या पोथ्या वाचून ते कळले नसते. अंबरनाथलाही महाशिवरात्रीची गर्दी पाहिल्याशिवाय ‘संरक्षित स्मारक’ आणि ‘जागृत देवस्थान’ यांतील ताण कळत नाही. पुरातत्त्व खात्याला दगड जपायचा असतो. भाविकाला त्या दगडावर पाणी वाहायचे असते.

११/ आता उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्कराची कल्याण छावणी होती. फाळणीनंतर तिच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या शहराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्याला नाव मिळाले. छावणीचे पाच भाग आजही ‘कॅम्प एक’ ते ‘कॅम्प पाच’ म्हणूनच पत्त्यांत लिहिले जातात.

१२/ अर्थशास्त्राला या शहरात उद्योजकता दिसते : कारखाने, जीन्स, फर्निचर, आणि ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा जुना विनोद. या विनोदात कौतुक किती आणि हेटाळणी किती, हे समाजशास्त्राने विचारावे. ‘सिंधी म्हणजे जन्मजात व्यापारी’ हे विधान तर सरळ तपासायलाच हवे. इतिहासकार क्लोद मार्कोविट्स यांनी बुखाऱ्यापासून पनामापर्यंत पसरलेल्या सिंधी व्यापाऱ्यांचा अभ्यास केला. त्यांचा भर शिकारपूर व हैदराबाद या विशिष्ट शहरांच्या व्यापारी जाळ्यांवर आहे, रक्तातील गुणांवर नव्हे. बराकींत उतरलेल्यांत कारकून होते, शिक्षक होते, जमीनदार होते. त्यांतील अनेकांनी दुकान काढले, कारण मागे सोडलेल्या नोकऱ्या आणि जमिनी इकडे नव्हत्या.

१३/ भाषेच्या अभ्यासकाला याच शहरात तोटा दिसतो. सिंधी भाषेला भारतात स्वतःचे राज्य नाही. १० एप्रिल १९६७ रोजी ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली; परंतु लिपी अरबी असावी की देवनागरी, हा वाद टिकून राहिला. एका पिढीची पत्रे दुसरीला वाचता येत नाहीत, ही घटना कोणत्याही उत्पादनाच्या आकडेवारीत बसत नाही. नंदिता भवनानी यांच्या ‘द मेकिंग ऑफ एक्झाइल’ (२०१४) या ग्रंथात फाळणीनंतरच्या सिंधी हिंदूंची अशी कहाणी सविस्तर आली आहे.

१४/ कायद्याची नजर सर्वांत कोरडी. त्याच्या दृष्टीने निर्वासिताने वाढवलेली खोली म्हणजे अनधिकृत बांधकाम. ती इतकी झाली, की २००६ साली उल्हासनगरसाठी बांधकामे नियमित करणारा स्वतंत्र कायदा राज्याला करावा लागला.

१५/ बदलापूरविषयी लोकव्युत्पत्ती सांगते, की येथे घोडे ‘बदलले’ जात. ऐकायला गोड, पुरावा म्हणून अपुरी. जनगणना वेगळेच बोलते. २००१ ते २०११ या दशकात उल्हासनगरची लोकसंख्या ४,७३,७३१ वरून ५,०६,०९८ झाली, म्हणजे जेमतेम सात टक्के वाढ. कुळगाव-बदलापूर ९७,९४८ वरून १,७४,२२६ वर गेले : सुमारे ७८ टक्के. लोकसंख्याशास्त्र वेग सांगते. पहाटेच्या लोकलमधल्या माणसाचे गाव कोणते आणि घर कोणते, हे त्यात येत नाही.

१६/ या शाखांच्या भिंती ओलांडणारे लोक महाराष्ट्रात होऊन गेले. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते. त्यांनी प्राचीन नाण्यांची वजने संख्याशास्त्राने तपासली आणि पुण्याच्या परिसरातील माळांवर हिंडून शेंदूर फासलेल्या देवींच्या जागा आणि अश्मयुगीन हत्यारे एकत्र नोंदवली. ग्रंथ, नाणे आणि माळरान ही त्यांना एकाच प्रश्नाची तीन साधने वाटत.

१७/ अंबरनाथचे मंदिर वालधुनी नदीच्या काठी आहे. हीच नदी पुढे उल्हासनगरातून जाते आणि कल्याणजवळ उल्हास खाडीला मिळते. तिच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शिल्पज्ञाला ती मंदिराची जागा ठरवणारी नदी, उद्योजकाला सांडपाण्याची वाट, रसायनशास्त्रज्ञाला बाटलीतला नमुना. पावसाळ्यात ती फुगली, की पाणी बराकींच्या जागी उभ्या राहिलेल्या वस्त्यांत शिरते.